पिचर ते प्रशिक्षिका : जोन जॉइस यांची कारकीर्द

(आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळांच्या शिक्षक-पालक मेळाव्यात एका सेवानिवृत्त क्रीडाशिक्षकांनी केलेले भाषण)



मुख्याध्यापक मला निमंत्रण देण्यास आले, तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी ‘सॉफ्टबॉल’ असे उत्तर दिले. ते क्षणभर थांबले आणि "कबड्डीवर बोललात तर मंडळी अधिक येतील," असे त्यांनी नम्रपणे सुचविले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कबड्डी आणि कुस्ती या मातीतले खेळ आहेत आणि त्यांच्याविषयी बोलण्यास माझ्यापेक्षा अधिकारी माणसे याच गावात आहेत. तथापि माझा हट्ट होता आणि त्यास एक कारणही होते. या शाळेच्या दोन मुलींची निवड जिल्ह्याच्या सॉफ्टबॉल संघात झाली आहे. त्यांना परगावी शिबिरास पाठवावे की नाही, याचा निर्णय त्यांच्या घरी अजून झालेला नाही. त्यांचे वडील आज येथे बसले आहेत हे मला ठाऊक आहे. मी त्यांना गळ घालणार नाही. एका बाईंची हकीकत तेवढी सांगणार आहे. ती ऐकून त्यांनी आपला विचार करावा.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. सन १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरी एका क्लबच्या दिवाणखान्यात काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने गुंडाळून त्याचा चेंडू केला व काठीने तो टोलविला. त्या गमतीतून हा खेळ जन्मास आला. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू असतात व सात डावांचा सामना होतो. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. चेंडू टोलवून ती चारही ठाणी फिरून मूळ जागी परत आले की एक धाव होते. नावात ‘सॉफ्ट’ असले तरी चेंडू मुळीच मऊ नसतो. तो बारा इंच घेराचा, क्रिकेटच्या चेंडूहून मोठा आणि अंगावर बसला तर चांगला लक्षात राहील असा असतो.

या खेळाचा सारा जीव चेंडू टाकणाऱ्या खेळाडूत असतो. त्याला ‘पिचर’ म्हणतात. क्रिकेटमध्ये गोलंदाज धावत येतो व हात डोक्यावरून फिरवून चेंडू टाकतो. येथे पिचर एका जागी उभी राहते आणि चेंडू खालून, मांडीला लागून सोडते. खालून टाकलेल्या चेंडूला जोर तो काय असणार, असे येथे बसलेल्या पुष्कळांना वाटत असेल. त्यांनी आपल्या शेतातील गोफण आठवावी. ज्वारी निसवली की माचाणावर उभा राहून पाखरे राखणारा पोरगा गोफणीचा पूर्ण फेरा घेतो आणि नेमक्या क्षणी दोरीचे एक टोक सोडतो. तो खडा कोठल्या कोठे जातो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. पिचरचा हात म्हणजे अशीच गोफण होय. फरक इतकाच की दोरीच्या जागी खांदा, कोपर व मनगट असते, आणि दोरी तुटली तर नवी मिळते.

असा पूर्ण फेरा घेऊन टाकण्याच्या पद्धतीस ‘विंडमिल’, म्हणजे पवनचक्की, असे नाव आहे. दुसरीही एक पद्धत आहे. तीत हात पूर्ण फिरवीत नाहीत. तो मागच्या बाजूने उंच नेऊन तेथूनच झटक्यासरशी खाली आणतात आणि चेंडू सोडतात. तिला ‘स्लिंगशॉट’ म्हणतात. या दोन्ही नावांचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावीत.

आता ज्या बाईंविषयी बोलावयाचे त्यांच्याकडे वळतो. जोन जॉइस यांचा जन्म १८ ऑगस्ट १९४० रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी या गावी झाला. वॉटरबरी हे पितळेच्या कारखान्यांचे गाव. आपल्याकडे कापसाच्या जिनिंगवर जसा एखादा गाव जगतो, तसा तो पितळेवर जगत असे. वडिलांना सॉफ्टबॉलचा नाद होता आणि मुलगी त्यांच्याबरोबर मैदानावर जात असे. तिला खेळाची गोडी लागली ती तेथेच. मुलीने काय खेळावे व काय खेळू नये, याविषयी त्या काळी अमेरिकेतही लोकांची मते आपल्यापेक्षा फारशी निराळी नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तिकडे सारे पहिल्यापासून मोकळे होते असा आपला समज असतो. मुलांच्या बेसबॉल संघात मुलीला जागा नव्हती. महाविद्यालयात मुलांना खेळासाठी शिष्यवृत्त्या मिळत, मुलींना त्या नव्हत्या.

त्याच राज्यात स्ट्रॅटफर्ड येथे मोटारींच्या ब्रेकचे अस्तर तयार करणारा ‘रेबेस्टॉस’ नावाचा कारखाना होता. त्या कारखान्याने स्त्रियांचा एक सॉफ्टबॉल संघ पोसला होता. ब्रेकवरून त्याचे नाव ‘ब्रेकेट्स’ असे पडले. जोन या संघात दाखल झाली तेव्हा ती नुकती तेराचौदा वर्षांची होती. आज आपल्या आठवी-नववीच्या वर्गात बसणाऱ्या मुलीचे ते वय. प्रारंभी तिला पिचरची जागा मिळाली नाही. त्या संघात लवकरच बर्था टिकी नावाची नामांकित पिचर आली होती आणि जोन बहुधा इतर जागांवर क्षेत्ररक्षण करीत असे. तिलाही पिचर व्हावयाचे होते. ती पवनचक्कीच्या पद्धतीने हात फिरवून सराव करी. चेंडूस वेग येई, परंतु तो जावयाचा तेथे जात नसे.

ह्या ठिकाणी एका माणसाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. रेबेस्टॉसच्याच पुरुषांच्या संघात जॉनी बेकर नावाचा पिचर होता. लोक त्याला ‘कॅननबॉल’, म्हणजे तोफेचा गोळा, म्हणत. त्याने ह्या मुलीची धडपड पाहिली आणि पूर्ण फेरा सोडून स्लिंगशॉट पद्धतीने टाकून पाहा, असे तिला सुचविले. तो तिचा नेमलेला शिक्षक नव्हता. त्याने फक्त पाहिले, आणि चूक मुलीत नसून पद्धतीत आहे हे त्याच्या ध्यानी आले. जोनचा चेंडू हळूहळू जागेवर पडू लागला. शिक्षक मित्रांनो, मी पस्तीस वर्षे मैदानावर काढली. मुलाला जमत नाही असे दिसले की आपण त्याला तेच पुन्हा शंभर वेळा करावयास लावतो. निराळे करून पाहा, असे सांगण्याचे धैर्य आपणांस क्वचितच होते. मलाही ते फार उशिरा झाले.

सन १९५८ मध्ये ब्रेकेट्स संघाने अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद प्रथमच मिळविले. त्यानंतर ह्या संघाचा व जॉइसबाईंचा बोलबाला देशभर झाला. मधली तीन वर्षे, १९६४ ते १९६६, त्या कॅलिफोर्नियात महाविद्यालयीन शिक्षणासाठी होत्या आणि तेथील ‘ऑरेंज लायनेट्स’ संघाकडून खेळत होत्या. तो काळ वगळला तर १९७५ पर्यंत त्या ब्रेकेट्सच्याच. त्यांच्या नावावर ७५३ विजय आणि अवघे ४२ पराभव नोंदलेले आहेत. ज्यात प्रतिपक्षाच्या एकाही खेळाडूला चेंडू नीट टोलवून ठाणे गाठता आले नाही असे सामने १५०, आणि ज्यात एकही खेळाडू कोणत्याही कारणाने ठाण्यावर पोहोचू शकला नाही असे ५०. आकडे ऐकून क्रिकेटप्रेमी मंडळी तुलना शोधू लागतील. ती शोधू नये, सापडणार नाही.

या सर्व आकड्यांपेक्षा लोकांनी लक्षात ठेवला तो एक प्रदर्शनीय सामना. सन १९६१ च्या ऑगस्ट महिन्यात वॉटरबरी येथील मैदानावर कर्करोगग्रस्त बालकांच्या मदतनिधीसाठी तो भरविण्यात आला होता. टेड विल्यम्स हे बेसबॉलच्या इतिहासातील श्रेष्ठ फलंदाजांपैकी एक. ते आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. ते बॅट घेऊन उभे राहिले आणि समोर होती त्याच गावची, विशीतील ही मुलगी. प्रेक्षक सुमारे अठरा हजार होते असे सांगतात. चेंडूमागून चेंडू येऊ लागले. विल्यम्स यांच्या बॅटीस चेंडूचा ओझरता स्पर्श एकदोनदा झाला असेल, बाकी साऱ्या वेळी बॅट हवेतून फिरली. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी बॅट खाली टाकली आणि ते चालते झाले.

असे का व्हावे? विल्यम्स यांची दृष्टी व हात अमेरिकेत नावाजलेले होते. परंतु बेसबॉलचा चेंडू उंचवट्यावरून, डोक्याच्या वरून निघतो आणि खाली येतो. डोळ्याला त्याचीच सवय झालेली असते. हा चेंडू मांडीपासून निघत होता, तोही अवघ्या चाळीस फुटांवरून. बेसबॉलमध्ये हे अंतर साठ फुटांहून अधिक असते. जॉइसबाई त्या चेंडूस बोटांनी असा पीळ देत की एक चेंडू बॅटीजवळ येताच बुडल्यासारखा होई, तर दुसरा वर चढल्याचा भास होई. विचार करण्यास अर्ध्या सेकंदाहूनही कमी अवधी. आपल्या शाळेतील क्रिकेट खेळणाऱ्या मोठ्या मुलांना मी एकदा आमच्या मुलींसमोर उभे केले होते. त्यांचे काय झाले ते विल्यम्ससाहेबांच्या मानाने पुष्कळ बरे म्हणावे लागेल, कारण त्यांना पाहण्यास अठरा हजार लोक नव्हते.

सन १९६१ हे साल मला आणखी एका कारणाने आठवते. त्याच वर्षी आपल्या देशात सॉफ्टबॉलची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि जोधपूर येथून खेळाचा प्रसार सुरू झाला. त्याच वर्षी ७ मे रोजी पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे उद्घाटन झाले. खेळाडू घडविणारा प्रशिक्षकही शिकून तयार व्हावा लागतो, ही गोष्ट शासनाने त्या दिवशी मान्य केली. ह्या दुसऱ्या गोष्टीचे मोल मला आज पहिलीपेक्षा अधिक वाटते.

सन १९७४ मध्ये स्त्रियांची जागतिक सॉफ्टबॉल स्पर्धा स्ट्रॅटफर्ड येथेच झाली आणि जॉइसबाईंच्या चेंडूफेकीच्या बळावर अमेरिकेने जपानला मागे टाकून विश्वविजेतेपद पटकाविले. तेव्हा त्या सुमारे चौतीस वर्षांच्या होत्या. जगात त्यांच्या तोडीची पिचर नाही असे सर्वजण मान्य करीत होते. आणि ह्या जगज्जेत्या बाईंना त्या खेळातून पोट भरण्याइतके उत्पन्न नव्हते. येथे मला जरा थांबावेसे वाटते. पालक मंडळी नेहमी विचारतात, "गुरुजी, खेळून मिळणार काय?" तो प्रश्न क्षुद्र आहे असे भाषणात म्हणण्याची पद्धत आहे. मी तसे म्हणणार नाही. ज्याच्या घरी पऱ्हाटीच्या एका हंगामावर वर्षाचा हिशेब अवलंबून असतो, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जॉइसबाईंनाही तो विचारावा लागला.

त्यांनी उत्तर शोधण्याचा पहिला प्रयत्न १९७६ मध्ये केला. टेनिसपटू बिली जीन किंग आणि इतर काहींच्या सहकार्याने त्यांनी स्त्रियांची व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग उभी केली. तीत खेळाडूंना वेतन मिळावयाचे होते. जॉइसबाईंचा ‘कनेक्टिकट फाल्कन्स’ संघ चारही वर्षे अजिंक्य ठरला, परंतु पैशाअभावी लीग त्यापुढे टिकली नाही. दरम्यान त्या गोल्फकडे वळल्या होत्या. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, जेव्हा खेळाडू निवृत्त होतात तेव्हा, त्या व्यावसायिक गोल्फ खेळू लागल्या. सन १९८२ मध्ये अठरा छिद्रांच्या एका फेरीत शेवटचे हलके टोले अवघे सतरा मारून त्यांनी तेथेही विक्रम केला. या गोल्फच्या भागात मी अधिक शिरत नाही. तो खेळ मी कधी जवळून पाहिलेला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ज्या ज्ञानाला कारखान्याच्या संघात मान होता पण वेतन नव्हते, त्याला पुढे स्थिर पद मिळाले ते एका कायद्यामुळे. सन १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत झाला. केंद्र सरकारचे साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये, एवढाच त्याचा आशय. त्या कायद्याच्या मजकुरात खेळाचा उच्चारही नव्हता. परंतु मैदान हेही शिक्षणसंस्थेचेच अंग आहे, तेव्हा तेथेही भेद चालणार नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि हळूहळू महाविद्यालयांना मुलींचे संघ उभे करावे लागले. संघ आले तेव्हा शिष्यवृत्त्या आल्या आणि प्रशिक्षकांची पदे निर्माण झाली. सन १९८२ पासून तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटना मुलींची राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धा भरवू लागली.

फ्लोरिडा राज्यातील बोका रॅटन येथे फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठ आहे. तेथे सॉफ्टबॉलचा संघ नव्हता. तो शून्यातून उभा करण्यासाठी विद्यापीठाने जॉइसबाईंना बोलाविले आणि १९९५ मध्ये संघ मैदानावर उतरला. बाईंचे वय चौपन्न होते. आपल्याकडे चौपन्नाव्या वर्षी माणूस निवृत्तिवेतनाचे कागद जुळवू लागतो. मी स्वतः तसेच केले. त्या बाईंनी त्या वयात जे काम हाती घेतले ते सत्तावीस वर्षे, म्हणजे अखेरच्या दिवसापर्यंत, सोडले नाही. काही वर्षे त्यांनी तेथील मुलींच्या गोल्फ संघाचेही प्रशिक्षण सांभाळले. प्रशिक्षिका म्हणून एक हजाराहून अधिक सामने त्यांच्या संघाने जिंकले. हजारावा विजय मार्च २०२२ मध्ये मिळाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २६ मार्च २०२२ रोजी, त्या वारल्या.

मला या काळातील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी वाटते. जॉइसबाई स्वतः स्लिंगशॉट पद्धतीच्या पिचर. त्या प्रशिक्षिका झाल्या तोवर ती पद्धत मागे पडून सर्वत्र पवनचक्कीची पद्धत रूढ झालेली होती. म्हणजे लहानपणी जी पद्धत त्यांना साधली नाही, तीच पद्धत घेऊन मुली त्यांच्यापुढे उभ्या राहत. ‘माझ्यासारखे टाका’ असे सांगणे सोपे होते. थोर खेळाडू बहुधा तेच सांगतात आणि म्हणूनच पुष्कळ थोर खेळाडू सामान्य प्रशिक्षक ठरतात. ज्याला सहज येते त्याला ते कसे आले हे सांगता येत नाही. चेंडू जागेवर पडत नाही म्हणजे काय होते, हे मात्र ह्या बाईंनी वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी स्वतः भोगलेले होते.

त्यांच्यानंतरच्या पिढीतील लिसा फर्नांडेझ हिचे उदाहरण याच्याशी ताडून पाहावे. आठ वर्षांची असताना पहिल्याच सामन्यात तिने वीस खेळाडूंच्या अंगावर चेंडू मारला, आणखी वीस जणींना ठाणी फुकट बहाल केली आणि तिचा संघ २८-० असा हरला. तिची पिचर होण्याची इच्छा तेथेच संपावयास हवी होती. ती संपली नाही. लॉस एंजलिस येथील विद्यापीठात तिला खेळण्यास संघ मिळाला, शिक्षण संपल्यावर त्याच विद्यापीठात प्रशिक्षकवर्गात स्थान मिळाले, आणि १९९६, २००० व २००४ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत तिने सुवर्णपदके मिळविली. जॉइसबाईंना जो मार्ग वयाच्या चौपन्नाव्या वर्षी सापडला, तो हिच्यासाठी विशीतच आखलेला होता. दोघींच्या गुणांत अंतर होते असे मला वाटत नाही. मधल्या काळात कायदा झाला होता आणि पदे मंजूर झाली होती. अधिकारीवर्गातील मंडळी येथे आहेत म्हणून हे आवर्जून नमूद करतो. मंजूर झालेल्या एका पदातून किती मुली तयार होतात, हे ते पद भरले तेव्हाच कळते आणि रिक्त राहिले तर कधीच कळत नाही.

येथपर्यंत दूरदेशीची हकीकत झाली. आता मला माझी स्वतःची एक चूक सांगावयाची आहे. ती सांगितल्याखेरीज ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला नाही.

साल १९९३ असावे. आपल्या भागातील एका शाळेवर मी होतो. माझ्या संघात एक पिचर मुलगी होती. तिचे नाव सांगत नाही. ज्वारी राखून राखून तिच्या मनगटाला अशी काही सवय लागली होती की तिला शिकवावयाचे थोडेच उरले होते. आंतरशालेय स्पर्धेत एका दिवसात तीन सामने आले. दुसरी पिचर मजकडे नव्हती. खरे म्हणजे मी ती तयार केली नव्हती, कारण हिच्यावर काम भागत होते. तिसऱ्या सामन्यात ती दर डावानंतर दंड चोळत होती. मी पाहिले आणि पाहून न पाहिल्यासारखे केले. आम्हांला त्या काळी असेच शिकविले होते की खालून टाकण्याची हालचाल शरीराला नैसर्गिक आहे, तिने हात दुखावत नाही. आम्ही ढाल जिंकली. ती त्या शाळेच्या कपाटात अजूनही असेल.

आठ दिवसांनी तिची आई शाळेत आली. मुलीला विहिरीतून पोहरा ओढता येत नाही, असे तिने सांगितले. ती रागावली नाही. "गुरुजी, दिवाळीनंतर कापूस वेचायला हात लागतो," एवढेच ती म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली. मला आजवर मिळालेल्या सर्व शेऱ्यांमध्ये तेवढे एक वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

खालून टाकलेला चेंडू निरुपद्रवी असतो ही समजूत पुढे शास्त्रीय पाहणीत टिकली नाही. पवनचक्कीच्या पद्धतीत खांद्यावर आणि दंडाच्या स्नायूंवर पडणारा ताण वरून फेकणाऱ्याच्या तोडीचा असतो, असे आढळून आले आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनो या पिचरने दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. तेरा वर्षांनी टोकियोतही, एकोणचाळीस वर्षांची असताना, तिने पुन्हा सुवर्णपदक मिळविले. हे दाखले देऊन काही प्रशिक्षक लहान मुलींकडून वाटेल तितके चेंडू टाकून घेतात. उएनो त्या वेळी सव्वीस वर्षांची होती, वर्षानुवर्षे शास्त्रशुद्ध तयारी केलेली होती. आठवीतल्या मुलीला तिचे उदाहरण लावणे म्हणजे गोऱ्ह्याला भरल्या बंडीला जुंपणे होय.

माझ्या त्या विद्यार्थिनीचा हात बरा झाला, परंतु पूर्वीचा वेग परत आला नाही. दहावीनंतर ती कधीमधी संध्याकाळी मैदानाच्या कडेस येऊन उभी राहत असे. एके दिवशी एका लहान मुलीचा चेंडू सतत उजवीकडे जात होता. मी मनगट, मनगट म्हणून ओरडत होतो. ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, तिचं मनगट बरोबर आहे, डावा पाय आडवा पडतोय." पाय सरळ केला आणि चेंडू सरळ झाला. त्या दिवसापासून मी तिला मैदानाच्या कडेला उभी राहू दिली नाही, आत बोलाविले. तिच्या वडिलांशी दोनदा बोलावे लागले, एकदा तर संपूर्ण रात्र. पुढे ती विदर्भात जाऊन शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आली आणि आज मुलींच्या एका निवासी महाविद्यालयात खेळ शिकविते. मागील वर्षी मी तिचा सराव पाहण्यास गेलो होतो. तिच्या ओढणीच्या टोकाला चिंचोके बांधलेले होते. पिचरने एक चेंडू टाकला की एक चिंचोका ह्या मुठीतून त्या मुठीत जाई. साठ चिंचोके संपले की कितीही रंगात आलेला असो, सराव बंद. सामन्यातही ती हाच नियम पाळते आणि त्यापायी काही सामने हरलीही आहे. प्राचार्यांनी त्याबद्दल विचारणा केली तेव्हा तिने काय उत्तर दिले, ते तिने मला सांगितले नाही. ती सांगत होती ती निराळीच गोष्ट. तिच्या संघात आता चार पिचर आहेत.

निवड झालेल्या दोन मुलींच्या पालकांना माहितीसाठी सांगतो. शिबिर दहा दिवसांचे आहे. मुलींसोबत शिक्षिका राहणार आहेत आणि जाण्यायेण्याचा खर्च शाळा करणार आहे. वेचणीच्या दिवसांत घरातले दोन हात कमी होतात, याची मला पूर्ण जाणीव आहे. मुख्याध्यापक त्याविषयी आपणांशी स्वतंत्रपणे बोलतील. शिबिरात चेंडू मोजले जातात की नाही, हे मात्र आपण जरूर विचारावे. तो विचारण्याचा आपला हक्क आहे.

भाषण येथे थांबवितो, कारण बाहेर ऊन उतरत आहे. शाळेमागच्या मैदानावर मुलींनी चुन्याने रेघ आखून ठेवली आहे. हल्ली हे अंतर त्रेचाळीस फुटांचे असते. मंडल शिक्षणाधिकारी साहेब तरुणपणी चांगले क्रिकेट खेळत असत, असे मला कळले आहे. त्यांची हरकत नसेल तर त्यांनी बॅट घ्यावी. मुलगी पाचच चेंडू टाकील. मोजण्यासाठी चिंचोके मी बरोबर आणले आहेत.